पीडीएफमध्ये फिरणारं यंत्र

विषयाचं नाव ऐकून जरा जड वाटेल, म्हणून सुरुवात एका ब्रॅकेटपासून करतो.

आम्ही अमरावतीत बसून छोट्या यंत्र-उत्पादकांसाठी ड्रॉइंग काढून देतो. त्यातले बरेच अकोल्याचे. अकोला म्हटलं की डाळ मिल, हे तुम्हाला सांगायला नको. एकीकडे मोठ्या मिल, आणि दुसरीकडे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’, जी बचत गटांच्या शेडमध्ये आणि गावागावात दिसते. अशी लहान यंत्रं, त्यांचे सुटे भाग, चाळण्या, हॉपर, मोटारचे बेस बनवणारी वर्कशॉप असतात. तिथे एक मालक, एक-दोन मिस्त्री, चार पोरं, वेल्डिंगचा सेट, एक ड्रिल, नशीब चांगलं असेल तर एक लेथ. डिझायनर नसतो. डिझायनर म्हणजे आम्ही, शंभरेक किलोमीटरवर. हा तोच अमरावती-अकोला रस्ता, ज्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. रस्ता चांगला झाला, पण ड्रॉइंग काही रस्त्याने जात नाही. ते मोबाईलवर जातं.

तर, तुरीचा हंगाम तोंडावर. आठ यंत्रांची ऑर्डर. मोटार बसवायच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग आम्ही पाठवलं. ब्रॅकेट अगदी साधा: दोन बाजूंना दोन उभे पत्रे, मधे तळपट्टी. फरक एवढाच, की उजव्या पत्र्यावर मोटार सरकवून बेल्ट ताणण्यासाठी लांबट खाचा होत्या, डाव्यावर नव्हत्या. आठही ब्रॅकेट तयार होऊन आले, रंगासकट, आणि सगळ्यांच्या खाचा डाव्या पत्र्यावर.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, “चित्रात होतं तसंच केलं जी म्या. आता तुमचं चित्रच उलटं असन त मी काय करू?”

आम्ही आधी वाद घातला. मग ड्रॉइंग पुन्हा उघडलं आणि गप्प बसलो. चूक आमची होती.

झालं काय होतं, ते नीट समजून घेऊ, कारण आजचा सगळा विषय त्यात आहे. एखादी वस्तू कागदावर दाखवायची तर तिची समोरची बाजू काढतात, वरची काढतात, बाजूची काढतात. एलिव्हेशन, प्लॅन, साईड व्ह्यू. आता उजवीकडून पाहिलेलं चित्र कागदावर कुठे ठेवायचं? याच्या दोन पद्धती आहेत. फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडून पाहिलेलं चित्र समोरच्या चित्राच्या डावीकडे येतं. थर्ड अँगलमध्ये ते उजवीकडेच येतं. आपल्याकडे आयटीआयपासून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापर्यंत फर्स्ट अँगल शिकवतात. भारतीय मानक ब्युरोची ‘एसपी ४६’ ही पुस्तिका तेच सांगते. अमेरिकेत थर्ड अँगल चालतं. आणि आम्ही वापरत होतो त्या सॉफ्टवेअरचा टेम्प्लेट अमेरिकन होता. कोपऱ्यात पद्धत सांगणारी शंकूची खूण होती, पण मोबाईलवरून ए-फोर कागदावर छापल्यावर ती तिळाएवढी झाली. वरून आम्ही ‘ड्रॉइंग स्वच्छ दिसावं’ म्हणून समोरच्या चित्रातल्या तुटक रेषा काढून टाकल्या होत्या. त्या असत्या तर खाचा कोणत्या पत्र्यावर आहेत ते तिथेच कळलं असतं. मिस्त्रींनी शिकले तसं वाचलं. बरोबर वाचलं.

आता गंमत बघा. आमच्या संगणकात हा ब्रॅकेट पूर्ण घन आकारात होता. माऊसने फिरवला की कोणालाही, शाळेतल्या पोरालाही, खाचा कुठे आहेत ते दिसलं असतं. म्हणजे आमच्याकडे पूर्ण माहिती होती. ती पाठवताना आम्ही तिच्या तीन सावल्या काढल्या, सावल्या पाठवल्या, आणि पलीकडच्या माणसाने त्यातून डोक्यात पुन्हा वस्तू उभी करावी अशी अपेक्षा ठेवली. मग सरळ वस्तूच का पाठवू नये?

पाठवता येते, पण कॅडची मूळ फाइल उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं, त्याची किंमत एखाद्या लहान वर्कशॉपच्या बऱ्याच महिन्यांच्या नफ्याएवढी. इथेच थ्रीडी पीडीएफ येते.

पीडीएफ १९९३ ची. कागदाचं पान कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसावं, हा तिचा मूळ हेतू. सन २००४ मध्ये इंटेल, बोइंग, ॲडोबी अशा कंपन्यांच्या गटाने मिळून ‘यूथ्रीडी’ नावाचा त्रिमित फाइलचा प्रकार तयार केला, तो ‘एक्मा-३६३’ म्हणून प्रमाणित झाला, आणि २००५ च्या आरंभी आलेल्या ॲक्रोबॅट ७ पासून पीडीएफच्या पानात अशी वस्तू बसवता येऊ लागली. पानावर एक खिडकी असते. खिडकीत वस्तू. तिच्यावर माऊस धरून फिरवा, जवळ आणा, मधून कापून आतलं बघा, एखादा भाग लपवा. बाजूला भागांची यादी येते. यादीत ‘पुली’वर क्लिक केलं की पुली रंगते. वर डिझायनरने आधीच ठरवून ठेवलेली दृश्यं असतात: ‘उजवी बाजू’, ‘बेल्ट काढून’, ‘खालून’. एकेका क्लिकवर वस्तू त्या त्या कोनात वळते. मापंही वस्तूलाच चिकटवून ठेवता येतात. आणि हे बघणाऱ्याला फुकटातला रीडर पुरतो.

जरा विषयांतर. याचा उपयोग फक्त कारखान्यात होतो असं नाही. जानेवारी २००९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ॲलिसा गुडमन आणि सहकाऱ्यांचा ताऱ्यांच्या निर्मितीवरचा लेख आला. पर्सियस भागातल्या वायूच्या ढगाची आकृती त्यांनी पीडीएफमध्येच फिरवता येईल अशी दिली होती. आकाशातला ढग वाचकाने टेबलावर फिरवून बघायचा! आमचा ब्रॅकेट त्यापुढे फारच गरीब.

असो. आम्ही ब्रॅकेटच नाही, अख्खं यंत्र थ्रीडी पीडीएफमध्ये काढलं. सॉलिडवर्क्समध्ये ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडताना त्रिमित पीडीएफचा पर्याय मिळतो, इन्व्हेंटरमध्ये २०१७ च्या आवृत्तीपासून आहे. आमच्या टेबलावर इतकं सुंदर फिरत होतं की आम्ही स्वतःवरच खूश झालो. व्हॉट्सॲपवर पाठवलं. दहा मिनिटांत मिस्त्रींचा फोन.

“साहेब, फोटू त आला. पण हे फिरूनच नाही राह्यलं.”

ही गोष्ट सांगणाऱ्या जाहिराती कमी आहेत, म्हणून आम्ही इथे थांबून सांगतो. थ्रीडी पीडीएफ मोबाईलवर फिरत नाही. मोबाईलमधला ॲक्रोबॅटसुद्धा ती फिरवत नाही. संगणकावरही क्रोम किंवा फायरफॉक्सच्या खिडकीत उघडली तर फिरत नाही. खिडकीच्या जागी एक स्थिर चित्र दिसतं, त्याला पोस्टर म्हणतात. फाइल खराब झालेली नसते. वस्तू आत असते, दाखवणारा नसतो. ती दाखवायला संगणकावरचा ॲक्रोबॅट किंवा ॲक्रोबॅट रीडर लागतो, नाहीतर असे मोजके दुसरे दर्शक.

आणि वऱ्हाडातल्या वर्कशॉपमध्ये संगणक कुठे असतो? मालकाच्या केबिनमध्ये. त्यावर टॅली चालतं, जीएसटी भरला जातो. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे संगणक नसतो, मोबाईल असतो, आणि तोही खिशात तेलकट फडक्याशेजारी.

आम्ही मिस्त्रींना म्हटलं, केबिनमध्ये जा. ते गेले. फाइल क्रोममध्ये उघडली, पुन्हा फोटो. मग रीडर टाकून घेतला, त्यात उघडली, तर वर पिवळी पट्टी: थ्रीडी मजकूर बंद ठेवला आहे, विश्वास असेल तरच चालू करा. मालक घाबरले, व्हायरस आहे म्हणाले.

मालकांचं अगदीच चूक नव्हतं. डिसेंबर २०११ मध्ये यूथ्रीडी वाचणाऱ्या ॲडोबीच्या कोडमधलाच एक दोष वापरून, मुद्दाम बनवलेल्या पीडीएफ पाठवून हल्ले झाले होते. त्रिमित माहिती वाचणारं कोड गुंतागुंतीचं असतं, गुंतागुंतीत भोकं राहतात. त्यामुळे रीडर आता हे दार आपणहून उघडत नाही, हे योग्यच आहे. तुम्ही ओळखता त्या माणसाकडून, तुम्हीच मागितलेली फाइल आली असेल तर पट्टीवरून ‘या कागदावर विश्वास ठेवा’ हा पर्याय निवडायचा. पट्टी आली नाही तर एडिट, प्रेफरन्सेस, आणि तिथे ‘थ्रीडी अँड मल्टिमीडिया’मध्ये थ्रीडी चालू करायची खूण असते. अनोळखी नंबरवरून आलेली ‘कोटेशन’ नावाची फाइल मात्र अशी उघडू नका.

पट्टीवर क्लिक केलं. यंत्र फिरायला लागलं. मिस्त्रींनी हात पुसले, माऊस धरला, आणि पुढची वीस मिनिटं फोन चालूच ठेवून ते नुसतं फिरवत बसले. आम्हाला वाटलं, कौतुक चाललंय. शेवटी म्हणाले, “खाचा आता उजवीकडे समजल्या. पण बेल्टचं गार्ड लावल्यावर या मागच्या बोल्टाले पाना लावाचा कुठून?”

आम्ही बघितलं. गार्ड आणि तळपट्टी यांच्यात पाना फिरायला जागाच नव्हती. बेल्ट ताणायचा तर आधी गार्ड काढा, मग बोल्ट सैल करा, मोटार सरकवा, बोल्ट आवळा, गार्ड पुन्हा लावा. शेतावरच्या शेडमध्ये हे कोण करणार? गार्ड एकदा निघालं की परत लागत नाही, आणि मग फिरत्या बेल्टशेजारी साडीचा पदर, ओढणी. बचत गटात यंत्र चालवतात बाया. तीन महिने आम्ही ते डिझाइन बघत होतो, आम्हाला हे दिसलं नव्हतं. सपाट ड्रॉइंग मिस्त्रींनी तीनदा पाहिलं होतं, त्यांनाही दिसलं नव्हतं. फिरवून बघितल्यावर पहिल्याच बैठकीत दिसलं, कारण पाना धरणारा हात त्यांचा आहे.

आम्ही गार्डला बाजूने एक छोटी झडप दिली. उलट्या ब्रॅकेटचा खर्च आम्ही सोसला, तो वेगळा विषय.

तुम्ही म्हणाल, त्रिमित चित्र समजायला सोपं, एवढंच ना? तेवढंच नाही. ड्रॉइंग वाचणं हे एक शिक्षण आहे, ते ज्याला मिळालं तोच डिझाइनवर बोलू शकतो, बाकीचे सांगितलं तसं करतात. वस्तू फिरवून बघायला शिक्षण लागत नाही. त्यामुळे जो माणूस आधी फक्त ‘हो जी’ म्हणायचा, तो ‘पाना कुठून’ असं विचारायला लागतो. आमच्या लेखी थ्रीडी पीडीएफचा खरा फायदा हा आहे. सुंदर दिसणं हा नाही.

आता आतल्या भागाकडे, कारण इथे एक फसगत आहे.

पीडीएफमध्ये वस्तू दोन प्रकारांनी ठेवता येते. यूथ्रीडीत मुख्यतः त्रिकोणांची जाळी असते. गोल भोक खरं गोल नसतं, बरेच छोटे सरळ तुकडे जोडून केलेलं असतं. डोळ्याला कळत नाही. पण समजा २५ मिमीचं भोक २४ तुकड्यांनी काढलंय. तुकड्यांची टोकं खऱ्या वर्तुळावर असली, तरी समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर भरतं सुमारे २४.७९ मिमी. पाच पैशांचा फरक वाटतो ना? पण २५ मिमीच्या भोकाला ‘एच-७’ फिट दिलं असेल तर सवलत असते फक्त ०.०२१ मिमी. म्हणजे जाळीवर मोजलेलं माप परवानगीच्या दहापट चुकलं. अशा मापावर बेअरिंगचं घर टर्न करायला दिलं तर बेअरिंग हातोड्यानेही जाणार नाही.

दुसरा प्रकार ‘पीआरसी’. हा एका फ्रेंच कंपनीचा, ती कंपनी ॲडोबीने २००६ मध्ये घेतली, आणि पुढे २०१४ मध्ये हा प्रकार ‘आयएसओ १४७३९-१’ म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला. यात दंडगोल हा दंडगोल म्हणूनच ठेवता येतो, अक्ष कुठे आणि त्रिज्या किती हे नेमकं लिहून. मोजलं तर २५ म्हणजे २५. फाइलही बहुधा लहान होते.

मग सगळं पीआरसीतच का देऊ नये? कारण नेमकी वस्तू दिली की ती परतही काढून घेता येते. पीडीएफमधली पीआरसी पुन्हा कॅडमध्ये आणणारी साधनं आहेत. तुम्ही ग्राहकाला ‘फक्त बघायला’ म्हणून यंत्र पाठवलं, ग्राहकाने ते आपल्या ओळखीच्या दुसऱ्या फॅब्रिकेटरला दाखवलं, आणि पुढच्या हंगामात तेच यंत्र वेगळ्या रंगात, दोन हजार कमीला. आपल्याकडे हे होतं, सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. पासवर्डवर फार भरवसा ठेवू नका. जो बघू शकतो तो काही ना काही काढू शकतो. आम्ही बनवणाऱ्याला पीआरसी देतो, बघणाऱ्याला जाळी, तीही जाडीभरडी, आणि आतले भाग आधीच काढून टाकून. रोलरचा आतला भाग ग्राहकाला कशाला हवा? बाहेरून फिरवून बघू द्या. हो, आणि बोल्टच्या आट्या काढून टाका. फाइल सगळ्यात जास्त आट्यांनीच फुगते.

आणखी एक गैरसमज कॉलेजच्या पोरांचा हमखास असतो. थ्रीडी पीडीएफ ही माणसाच्या डोळ्यांसाठी आहे, यंत्रासाठी नाही. लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ द्या, सीएनसीवाल्याला स्टेप फाइल द्या. त्यांना पीडीएफ पाठवून ‘यातून काढून घ्या’ म्हणू नका.

टिकाऊपणाचं काय? हा प्रश्न अमरावतीत एकदा एका प्राध्यापकांनी विचारला होता, आणि तो योग्य आहे. यंत्र वीस वर्षं चालतं, सॉफ्टवेअर चालत नाही. इंजिनिअरिंगसाठी ‘पीडीएफ/ई’ हे प्रमाण २००८ मध्ये आलं, त्यात यूथ्रीडीला जागा होती. जतनासाठीची ‘पीडीएफ/ए’ मालिका मात्र बरीच वर्षं त्रिमितीला नाहीच म्हणत होती. २०२० च्या चौथ्या भागात ‘पीडीएफ/ए-४ई’ म्हणून ती आली. म्हणजे कागदावर सोय आहे. व्यवहारात मात्र ॲडोबीने स्वतः २०१० च्या सुमारास कॅडपासून थ्रीडी पीडीएफ बनवायचं काम दुसऱ्या कंपनीच्या ॲड-ऑनवर सोडून दिलं, आणि ब्राउझरवाल्यांनी हा प्रकार कधी मनावर घेतलाच नाही. आम्ही म्हणून मूळ कॅड फाइल, स्टेप फाइल आणि साधी सपाट पीडीएफ, तिन्ही ठेवतो. थ्रीडी पीडीएफ चौथी. ती एकटी कधीच नाही.

आता आम्ही अकोल्याला काय पाठवतो ते सांगतो. फाइल एकच, पानं तीन. पहिल्या पानावर फिरणारं यंत्र, आणि त्याचं पोस्टर आम्ही फार विचार करून निवडतो. मोबाईलवर जे एकमेव चित्र दिसणार आहे ते तेच. त्यामुळे पोस्टर चकचकीत नको, उपयोगी हवं: ज्या बाजूला चूक होऊ शकते ती बाजू समोर, आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात ‘मोटार इकडे’. दुसऱ्या पानावर नेहमीचं सपाट ड्रॉइंग, आता फर्स्ट अँगलमध्ये, तुटक रेषांसकट, आणि पद्धतीचं नाव खुणेशेजारी अक्षरांत. तिसऱ्या पानावर चार बाजूंची चार स्थिर तिरकी चित्रं, भागांना आकडे घालून. हे पान छापून वेल्डिंगच्या जागी भिंतीला लावतात. खरं सांगायचं तर रोज सगळ्यात जास्त बघितलं जातं ते हेच पान.

मोबाईलवर फिरवायचंच असेल तर ‘जीएलबी’ नावाची फाइल करून तिचा दुवा पाठवता येतो, ती ब्राउझरमध्ये फिरते. पण त्याला नेट लागतं, फाइल कुठेतरी कोणाच्या तरी सर्व्हरवर ठेवावी लागते, आणि मापं, यादी, शेजारचं पान हे सगळं एकत्र राहत नाही. पीडीएफचं एक भलं आहे: एकदा आली की आली. पेन ड्राइव्हवर टाका, वीज-नेट नसलेल्या गावात लॅपटॉपवर उघडा, चालते.

मागून एक प्रश्न आला आहे. विद्यार्थी विचारतात, सॉलिडवर्क्स नाही, फुकटात करता येईल का?

येईल, थोडी खटपट आहे. फ्रीकॅडमध्ये वस्तू काढा, जाळी म्हणून एसटीएल किंवा ओबीजे बाहेर काढा. मेशलॅबमध्ये ती उघडून यूथ्रीडी म्हणून सेव्ह करा. मग लाटेकमध्ये ‘मीडिया९’ हे पॅकेज वापरून ती पानात बसवा. अलेक्झांडर ग्राह्न यांनी केलेलं आहे, पीआरसीही चालतं. पहिल्यांदा वस्तू दिसणार नाही, कारण कॅमेऱ्याचं अंतर चुकलेलं असेल. अंतर वाढवत न्या, दिसेल. जाळी आहे, म्हणून मापं त्यावर मोजू नका, शेजारी लिहा. आणि फाइल तयार झाली की पाठवण्याआधी स्वतःच्या मोबाईलवर एकदा उघडून बघा, मिस्त्रींना नेमकं काय दिसणार आहे ते.